आधी धूर दाखवा

सूर्य फुकट आहे, असं ज्याने पहिल्यांदा म्हटलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. मी त्याला काही करणार नाही. फक्त आमच्या इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी करीन आणि घरी जाऊन स्वस्थ झोपेन.

लोक म्हणतात, माझा राग नाकावर असतो. असतोच. जिथे दिवसभर डिझेलचा धूर जातो तिथे दुसरं काय असणार? आमचं घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. मागच्या खोलीत माझे वडील राहतात आणि त्यांच्या खिडकीखाली इमारतीचा जनरेटर राहतो. लाईट गेली की तो सुरू होतो, आणि आमच्याकडे लाईट रोज जाते. आधी जनरेटर खोकतो, मग बाबा खोकतात. लाईट आली की जनरेटर थांबतो. बाबा थांबत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "यांना धुरापासून लांब ठेवा." हे सांगायचे त्यांनी पैसे घेतले. मी बाबांना म्हटलं, पुढच्या खोलीत झोपा. ते म्हणाले, "पुढच्या खोलीत म्हातारा आडवा पडलेला असला की आलेला माणूस बसत नाही." मग आम्ही खिडकी बंद केली. ती ते उघडतात, कारण बंद खोलीत त्यांना गुदमरतं. उघड्या खोलीतही गुदमरतं, पण निदान झाड दिसतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी ठरवलं की बाबा हलत नाहीत तर जनरेटर हलवायचा. गच्चीवर सूर्याची पॅनेल बसवायची, जिन्याखाली बॅटरी ठेवायची आणि हे खोकणारं धूड भंगारात द्यायचं. इतकी साधी गोष्ट. कोणालाही पटावी.

सेक्रेटरी या नात्याने मी मीटिंग बोलावली. तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणतात आणि त्यांची त्याला हरकत नाही. ते म्हणाले, "पॅनेल ऊन ओढून घेतात. म्हणजे सगळं ऊन आपल्याच गच्चीवर येणार. वरच्या मजल्यावरच्यांनी काय भाजून मरायचं?" लगेच पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, ऊन पॅनेलांनी खाल्लं तर आमचे कपडे वाळायचे कशाने? म्हणजे एकाच पॅनेलमुळे ऊन वाढणार होतं आणि कमीही होणार होतं. दोघांनी एकमेकांना जोरजोरात दुजोरा दिला. मी शांतपणे समजावून सांगितलं. शांतपणे म्हणजे माझ्या मानाने शांतपणे. टेबलावरचा ग्लास पडला तो नंतर.

खजिनदारांनी एकच विचारलं, "पैसे?" आमचे खजिनदार सज्जन आहेत. त्यांचा दोष एवढाच, की स्वस्त वस्तू दिसली की त्यांना भरून येतं. वस्तू कशाची आहे, कोणाला हवी आहे, हे ते नंतर बघतात.

पैशासाठी मी बँकेत गेलो. मॅनेजरने विचारलं, "तारण काय देणार?" मी म्हटलं, पॅनेलच तारण. ते म्हणाले, "पॅनेल तुम्ही उचलून न्याल." मी म्हटलं, मग गच्ची घ्या. ते म्हणाले, "गच्ची आम्हाला उचलून नेता येत नाही." म्हणजे बँकेला अशी वस्तू हवी होती की जी त्यांना नेता येईल आणि आम्हाला येणार नाही. मी विचारलं, माणूस चालेल का? तेव्हा त्यांनी मला पाणी पाजलं आणि एका फंडाचा पत्ता दिला. हवा स्वच्छ करणाऱ्या प्रकल्पांना हा फंड पैसे देतो, आणि परत मागत नाही, असं ते म्हणाले. बँकेच्या मॅनेजरने 'परत मागत नाही' हे शब्द उच्चारले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

फंडातर्फे एक तपासनीस बाई आल्या. अतिशय गोड बोलणाऱ्या. ज्यांच्या हातात नकार असतो ती माणसं नेहमी गोड बोलतात. त्यांनी गच्ची पाहिली, जनरेटर पाहिला, खिडकीतून बाबांना नमस्कार केला, आणि आमच्या पुढच्या खोलीत बसून विचारलं, "तुम्ही किती धूर कमी करणार?"

"सगळा," मी म्हटलं.

"सगळा म्हणजे किती? आत्ता तुम्ही किती धूर करता, ते आधी मोजावं लागेल. त्याला आम्ही आधाररेषा म्हणतो. त्या रेषेपासून तुम्ही जेवढे खाली याल, तेवढे पैसे."

खजिनदार खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे रेषा जेवढी वर, तेवढे पैसे जास्त?"

"मी तसं म्हटलं नाही," बाई हसून म्हणाल्या.

"पण नाही असंही म्हटलं नाहीत," खजिनदार म्हणाले. त्यांना भरून आलं होतं.

बाईंनी जनरेटरला आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरला एकेक छोटं यंत्र लावलं. ही यंत्रं काही आठवडे मोजत राहणार होती. जाताना त्यांनी सहज सांगितलं, की या रस्त्यावर फंडाकडे एकाच इमारतीपुरते पैसे आहेत आणि समोरच्या इमारतीनेही अर्ज केला आहे.

समोरची इमारत! तिच्याबद्दल बोलायला लागलो की माझी बायको खिडकी लावून घेते. तिथे भर दुपारी प्रवेशद्वारात झुंबर पेटलेलं असतं. फाटकाशी कारंजं आहे, ते पाऊस पडत असतानाही उडतं. त्यांचा जनरेटर आमच्या दुप्पट मोठा, आणि एका माणसाला एक मजला चढायचा असला तरी तो सुरू होतो. आणि आम्ही? आमच्या जिन्यात माणूस वर गेला की मागे वळून दिवा मालवतो. आमच्याकडे लोक लिफ्टसाठी एकमेकांची वाट बघतात, म्हणजे एका फेरीत काम होतं. आमचा धूर कमी, म्हणून आमची रेषा खाली, म्हणून आम्हाला पैसे नाहीत. त्यांनी इतकी वर्षं उधळलं, म्हणून बक्षीस त्यांना. मी हे मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. मला वाटलं, लोक फंडाविरुद्ध पेटून उठतील.

लोक पेटले, पण भलतीकडे. खजिनदार म्हणाले, "मग आपणही उधळू. काही आठवड्यांचा तर प्रश्न आहे. सगळे दिवे दिवसरात्र चालू. लिफ्ट रिकामी फिरवायची. लाईट असली तरी जनरेटर सुरू ठेवायचा."

"माझ्या वडिलांच्या खिडकीखाली?" मी ओरडलो.

"अहो सेक्रेटरीसाहेब, त्यांच्यासाठीच तर करतोय हे सगळं. आत्ता थोडं सोसलं की कायमची सुटका."

हे वाक्य इतकं शहाणपणाचं वाटलं की मी मान डोलावली. बायकोने घरी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "बाबांचा खोकला जावा म्हणून थोडे दिवस धूर वाढवणार आहोत."  तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आता खरी गंमत. उधळपट्टी करायलाही सराव लागतो हो! आमच्या इमारतीतल्या माणसांना ती येईना. लोक दिवसा दिवा लावायचे आणि कोणीतरी गेल्यासारखा चेहरा करून उभे राहायचे. इमारतीच्या दारातल्या पंख्याखाली कोणी नाही हे बघवेना, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन तिथे निवडायला बसल्या. वारा फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी जावेलाही बोलावलं. वाऱ्याने पालेभाजी जिनाभर झाली. लिफ्ट रिकामी फिरवायचं काम सर्वज्ञांकडे दिलं होतं. पण रिकामी लिफ्ट फिरवणं त्यांच्या जिवावर आलं आणि ते स्वतःच आत बसून वरखाली करत राहिले. त्यांना गरगरायला लागलं, आणि नेमकी लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली. आतून ते लिफ्ट कशी दुरुस्त करायची ते मोठमोठ्याने सांगत होते. त्यांचं ऐकून आम्ही बटण दाबलं तेव्हा जी बंद पडली, ती दुपारपर्यंत.

आणि इतकं करूनही रेषा वर जाईना! खजिनदार रोज यंत्राचा आकडा बघायचे आणि खिन्न होऊन यायचे. त्यांचा हिशेब सांगत होता की जनरेटर दिवसभर चालतोय. यंत्र सांगत होतं की दिवसाचा बराच वेळ तो बंदच असतो. खजिनदार म्हणाले, हे समोरच्यांचं काम. त्यांचा माणूस येऊन बंद करून जातो. सर्वज्ञ म्हणाले, हे आतल्याच माणसाचं काम आहे, आणि माझ्या बायकोकडे बघत राहिले. तिने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते परत लिफ्टमध्ये जाऊन बसले.

शेवटी एका सकाळी मीच पाळत ठेवली. इमारतीच्या मागे भिंतीआड उभा राहिलो. जनरेटर धडधडत होता. धुरात समोरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं. नाकाला रुमाल लावून, काठी टेकत बाबा बाहेर आले. दोन पावलं चालले, थांबून खोकले, परत चालले. त्यांनी जनरेटरचं बटण बंद केलं. मग वळून काठीच्या टोकाने जिन्यातल्या दिव्याचंही बटण बंद केलं.

"बाबा!" मी ओरडलो. "तुम्ही बंद करता?"

"मग? लाईट तर आहे. रोज कोण विसरतंय हे चालू ठेवून?"

"विसरत नाही! मुद्दाम चालू ठेवलाय!"

"मुद्दाम? कशाला?"

"धूर जास्त व्हायला हवाय!"

"का?"

"धूर कमी करायचाय म्हणून! किती दिवस सगळी इमारत राबतेय, पैसा मिळायची वेळ आलीय, आणि तुम्ही रोज येऊन सगळ्यावर पाणी ओतताय! तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

वरच्या खिडक्या उघडल्या. माझा आवाज चढला की त्या आपोआप उघडतात. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत त्यांनी भिंतीला धरलं. मग म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे." आणि त्यांनी हात पुढे करून स्वतःच तो जनरेटर परत सुरू केला आणि धुरातून वाट काढत आत गेले.

मी तिथेच उभा. बायको खिडकीत होती. ती म्हणाली, "अहो, ते मोजायचं यंत्र आहे ना, ते एकदा तुम्हालाही लावून घ्या." आणि तिने खिडकी बंद केली.

मी जनरेटर बंद केला. माझ्या आयुष्यात मी इतका चिडलो नव्हतो, आणि नेमकं कोणावर चिडायचं ते समजत नव्हतं, त्यामुळे आणखीच चिडत होतो. खजिनदार धावत आले. मी त्यांना सांगितलं, लाईट असताना हा परत सुरू झालेला दिसला तर मी याच्यावर तुम्हाला बसवीन. पण तशी वेळच आली नाही. त्याच संध्याकाळी लाईट गेली, जनरेटर सुरू करायला गेले, तर आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला आणि तो कायमचा गप्प झाला. फिटर म्हणाला, इंजिन जाम झालंय, यात आता काही राहिलेलं नाही. काही आठवडे असा उगाच पळवल्यावर काय राहणार! भंगारवाला त्याला घेऊन गेला.

तपासनीस बाई आल्या. यंत्रं बघून त्यांनी हळहळल्याचा चेहरा केला. "तुमची रेषा फारच खाली आहे."

मी सगळं सांगून टाकलं. आम्ही मुद्दाम जाळलं तेही, आणि माझे वडील येऊन बंद करत होते तेही. खजिनदारांनी माझ्या पायावर पाय दिला, पण मी थांबलो नाही. "हा माणूस," मी आतल्या खोलीकडे हात करून म्हटलं, "आयुष्यभर रिकाम्या खोलीतला दिवा मालवत आला. कोणी त्याला फंड दिला नाही. ती वाचलेली वीज कुठे मोजली तुम्ही?"

"सवयीने वाचलेली वीज आम्हाला धरता येत नाही," बाई समजुतीने म्हणाल्या. "ती तुम्ही तशीही वाचवली असती."

"म्हणजे जो मुळात घाण करत नाही, त्याला काहीच नाही?"

"तसं नाही. पण ते नियमात बसत नाही."

"मग नियमात कोण बसतं? ज्यांचं कारंजं पावसात उडतं ते?"

बाईंनी चहा संपवला, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि आभार मानून गेल्या. माझ्याशी भांडायचीसुद्धा तसदी त्यांनी घेतली नाही. सुसंस्कृत माणसं अशीच असतात, समोरच्याला रागावायला जागाच ठेवत नाहीत.

पैसे समोरच्या इमारतीला मिळाले. त्यांच्या गच्चीवर पॅनेल चमकायला लागली. समारंभ झाला. कोणीतरी पाहुण्याने भाषणात सांगितलं, की या इमारतीने धुराविरुद्धच्या लढाईत मोठा त्याग केला आहे. त्याग! भाषण संपल्यावर कारंजं उडवलं. ते आता सूर्यावर चालतं, म्हणून दिवसभर उडतं.

आमच्याकडे लाईट गेली की लिफ्ट बंद, पंप बंद, जिन्यात अंधार. लोक बादल्या घेऊन चढायचे आणि प्रत्येक मजल्यावर टेकून मला शिव्या द्यायचे. माझ्या दारावरून जाताना जरा मोठ्याने. मी त्या ऐकून घेत होतो. कारण मागे, जनरेटर होता त्या सिमेंटच्या ओट्यावर, बाबा सकाळी खुर्ची टाकून उन्हात पेपर वाचत बसायला लागले होते. खिडकी दिवसभर उघडी असायची. त्यांचा खोकला पूर्ण गेला नव्हता, पण वाक्याच्या मध्येच यायचा तो वाक्य संपल्यावर यायला लागला होता. जेवताना ते दोनदा माझ्या बायकोशी विनोद करून हसले. हसताना खोकले नाहीत, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

मग एक दिवस खजिनदारांना भरून आलं. समोरच्यांचा जुना जनरेटर आता त्यांना नको होता आणि ते तो जवळपास फुकट द्यायला तयार होते. खजिनदार मीटिंगमध्ये म्हणाले, "आपल्या जुन्याच्या दुप्पट ताकदीचा! एवढ्या स्वस्तात असं मशीन परत मिळणार नाही."

मी म्हटलं, "अहो, ज्याचा धूर बंद केला म्हणून त्यांना पैसे मिळाले, तोच धूर रस्ता ओलांडून आपल्याकडे येणार?"

"त्यांचा तर बंद झाला ना? मग झालं," सर्वज्ञ म्हणाले.

मी तपासनीस बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, जनरेटर विकला गेल्यामुळे तो प्रकल्पाच्या हद्दीबाहेर गेला आहे आणि हद्दीबाहेरचं आम्ही मोजत नाही. मी विचारलं, हद्द कुठपर्यंत? त्या म्हणाल्या, "त्यांच्या फाटकापर्यंत." इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की फोन ठेवून मी भिंतीवर हात आपटला. हात अजून दुखतो. मीटिंगमध्ये विरोधात एकच हात वर गेला, तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनवाला आला. समोरच्या फाटकातून ते धूड साखळीला लटकत रस्ता ओलांडून आमच्या आवारात आलं. बघायला अख्खी इमारत मागे जमली. ओट्यावर बाबा पेपर वाचत बसले होते.

"आजोबा, खुर्ची जरा बाजूला घ्या," क्रेनवाला वरून ओरडला.

बाबांनी मान वर करून त्या लटकत्या यंत्राकडे पाहिलं. खजिनदार घाईघाईने माझ्याकडे आले. "सेक्रेटरीसाहेब, वडिलांना उठवा. क्रेन तासावर आणलीय. दोन मिनिटांचं काम आहे."

मी ओट्याकडे गेलो. सगळे बाजूला झाले. मी त्यांना हाताला धरून उठवणार, असं सगळ्यांना वाटलं असावं. बाबांनाही तेच वाटलं. त्यांनी पेपराची घडी केली, चष्मा काढला आणि काठी हातात घेतली.

"उठू का रे?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्या दिवशी मी ओरडलो होतो, म्हणून ते खरंच विचारत होते.

मी त्यांच्या हातातली काठी घेऊन परत खुर्चीला टेकवून ठेवली. 

"नाही बाबा," मी म्हटलं. "बसा."

मी घरात गेलो, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी आणून टाकली. त्यांच्याकडून पेपराचं आतलं पान मागून घेतलं आणि बसलो. खजिनदार ओरडायला लागले. सर्वज्ञ क्रेनवाल्याला क्रेन कशी वळवायची ते सांगायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, सेक्रेटरीच असं वागायला लागल्यावर बोलायचं कोणाला? क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली. बायको आतून तिसरी खुर्ची घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता बाबांच्या दुसऱ्या बाजूला बसली.

पान मी नुसतं डोळ्यांसमोर धरलं होतं. रागाने अक्षरं हलत होती. शेजारी बाबा श्वास घेत होते, आणि त्याचा आवाज येत नव्हता.